समतेची खोली आणि मालकीचा कागद : मेम्फिसच्या 'स्टॅक्स' रेकॉर्ड कंपनीचा इतिहास

अमेरिकेच्या टेनेसी राज्यात, मिसिसिपी नदीच्या काठी वसलेल्या मेम्फिस शहरात ईस्ट मॅक्लेमोर रस्त्यावर 'कॅपिटॉल' नावाचे एक जुने चित्रपटगृह होते. १९६० साली एका लहानशा रेकॉर्ड कंपनीने ते भाड्याने घेतले. पुढील पंधरा वर्षांत त्या वास्तूतून निघालेल्या संगीताने कृष्णवर्णीय अमेरिकेच्या मनाला वाचा दिली आणि अमेरिकेबाहेरही असंख्य श्रोते मिळविले. १९७५ च्या डिसेंबरात दिवाळखोरीच्या अर्जावरून तेथील काम थांबले व दारांना टाळे लागले. कालांतराने ती वास्तू एका चर्चला अवघ्या दहा डॉलरला देण्यात आली आणि १९८९ साली ती पाडण्यात आली. एका पिढीचा स्वर जेथे घडला, त्या जागेचे कागदोपत्री मोल दहा डॉलर ठरले.

ही कंपनी म्हणजे 'स्टॅक्स'. तिच्याविषयी दोन मते सामान्यतः मांडली जातात. एक मत असे की, वंशभेदाने पोखरलेल्या शहरात स्टॅक्स हे समतेचे बेट होते; तेथे गोरे आणि काळे यांनी खांद्याला खांदा लावून संगीत निर्माण केले. दुसरे मत असे की, काळ्यांच्या कलेवर गोऱ्यांनी चालविलेल्या अनेक व्यवसायांपैकीच तो एक होता. आमच्या मते ही दोन्ही विधाने अपुरी आहेत. पहिले मत खोलीत काय घडले ते पाहते व कागदावर काय लिहिले होते ते विसरते; दुसरे मत कागद पाहते व खोली विसरते. प्रस्तुत लेखात आम्ही दोन्हींचा एकत्र विचार करणार आहोत, कारण स्टॅक्सच्या उदयाचे रहस्य खोलीत आहे आणि तिच्या विनाशाचे कारण कागदात आहे.

मेम्फिसची पार्श्वभूमी

मेम्फिस हे कापसाच्या व्यापारावर वाढलेले शहर. तो कापूस प्रथम गुलामांच्या व नंतर कर्जबाजारी कुळांच्या श्रमावर पिकला. १८९२ साली याच शहरात गोऱ्या दुकानदाराशी स्पर्धा करणाऱ्या एका किराणा दुकानाच्या तीन कृष्णवर्णीय चालकांना जमावाने ठार मारले. त्यांपैकी एकाची मैत्रीण असलेल्या आयडा बी. वेल्स यांनी या अत्याचाराविरुद्ध आपल्या वृत्तपत्रात लेखणी चालविली, तेव्हा त्यांच्या वृत्तपत्राच्या कचेरीची नासधूस करण्यात आली. काळ्या माणसाने मजुरी करावी, परंतु मालक होऊ नये, हा या शहराचा अलिखित कायदा होता. पुढील इतिहास समजण्यासाठी ही गोष्ट ध्यानात ठेवणे आवश्यक आहे.

संगीताच्या क्षेत्रातही मालकीचा प्रश्न जुनाच होता. डब्ल्यू. ई. बी. डू बॉइस यांचे विद्यार्थी हॅरी पेस हे विसाव्या शतकाच्या प्रारंभी मेम्फिसमध्ये राहत होते. तेथेच त्यांनी डू बॉइस यांच्यासमवेत एक साप्ताहिक चालविले आणि संगीतकार डब्ल्यू. सी. हँडी यांच्यासह संगीत-प्रकाशनाचा व्यवसाय सुरू केला. १९२१ साली पेस यांनी न्यूयॉर्क येथे 'ब्लॅक स्वान' ही कृष्णवर्णीयांच्या मालकीची रेकॉर्ड कंपनी स्थापन केली. डू बॉइस हे तिच्या संचालक मंडळावर होते. ज्या डू बॉइस यांच्याशी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९४६ साली पत्रव्यवहार केला, तेच हे थोर विचारवंत. आपल्या समाजाचा आवाज आपल्याच मालकीचा असावा, ही त्यामागील भूमिका होती. परंतु दोन-तीन वर्षांतच ब्लॅक स्वान दिवाळखोरीत निघाली.

त्यानंतर मेम्फिसमध्ये जे घडले त्यात कला काळ्यांची आणि मालकी गोऱ्यांची, हाच क्रम राहिला. 'डब्ल्यू-डी-आय-ए' या नभोवाणी केंद्राने १९४८ साली नॅट डी. विल्यम्स या कृष्णवर्णीय शिक्षकास निवेदक म्हणून नेमले आणि थोड्याच काळात आपला सर्व कार्यक्रम कृष्णवर्णीय श्रोत्यांसाठी वाहिला. असे करणारे ते अमेरिकेतील पहिले केंद्र. मालक मात्र गोरे. सॅम फिलिप्स यांच्या 'सन' कंपनीला १९५३ मध्ये पहिले मोठे यश मिळवून दिले ते रूफस टॉमस या कृष्णवर्णीय गायकाने. पुढील वर्षी एल्विस प्रेस्ली पुढे आले आणि सनचे लक्ष गोऱ्या गायकांकडे वळले. हेच रूफस टॉमस सात वर्षांनी स्टॅक्सच्या दारात उभे राहिले.

स्थापना

जिम स्टुअर्ट हे मेम्फिसमधील एका बँकेतील गोरे कारकून. त्यांना व्हायोलिन वाजविण्याचा नाद होता व त्यांची आवड गोऱ्या ग्रामीण संगीताची होती. १९५७ साली त्यांनी 'सॅटेलाइट' या नावाने रेकॉर्ड काढण्यास प्रारंभ केला. चांगले ध्वनिमुद्रण-यंत्र घेण्यास पैसे नव्हते. तेव्हा त्यांची थोरली बहीण एस्टेल ॲक्स्टन यांनी आपले राहते घर गहाण ठेवून अडीच हजार डॉलर उभे केले. त्याही बँकेतच नोकरी करीत. १९६१ साली याच नावाची दुसरी कंपनी अस्तित्वात असल्याचे कळल्यावर स्टुअर्ट यांतील 'स्ट' व ॲक्स्टन यांतील 'ॲक्स' यांच्या संयोगाने 'स्टॅक्स' हे नाव सिद्ध झाले. 'व्होल्ट' ही तिचीच दुसरी नाममुद्रा.

कृष्णवर्णीय संगीताचा प्रसार करावा असा कोणताही उद्देश या बहीण-भावाच्या मनात आरंभी नव्हता. चित्रपटगृह स्वस्तात मिळाले म्हणून ते तेथे आले. ते स्वस्त मिळाले, कारण त्या वस्तीत कृष्णवर्णीय कुटुंबे राहावयास येताच गोरी कुटुंबे ती सोडून जात होती. म्हणजे ज्या वंशद्वेषाने वस्ती रिकामी केली, त्यानेच नकळत या दोघांना कृष्णवर्णीय प्रतिभेच्या शेजारी आणून बसविले.

एस्टेल यांनी चित्रपटगृहाच्या खाद्यपदार्थ विकण्याच्या जागी रेकॉर्डचे दुकान थाटले. वस्तीतील मुले-मुली तेथे तासन् तास गाणी ऐकत उभी राहत. त्यांना हुसकावून लावणे तर दूरच, त्यांना काय आवडते आणि का आवडते, हे त्या बारकाईने पाहत. नव्या गाण्याची चाचणी-प्रत दुकानात वाजवून त्या गिऱ्हाइकांची प्रतिक्रिया अजमावीत. समोरच्या किराणा दुकानात पिशव्या भरून देणारा डेव्हिड पोर्टर पुढे कंपनीचा गीतकार झाला. वस्तीत वर्तमानपत्रे टाकणारा बुकर टी. जोन्स हा शाळकरी मुलगा या दुकानात रेकॉर्ड ऐकण्यास येई. रूफस टॉमस व त्यांची कन्या कार्ला यांचे पहिले गाणे १९६० मध्ये मुद्रित होत असताना बॅरिटोन सॅक्सोफोन वाजविणाऱ्याची गरज पडली. तेव्हा पोर्टरने शाळेत जाऊन बुकरला वर्गातून उठवून आणले. ती शाळा म्हणजे बुकर टी. वॉशिंग्टन हायस्कूल. तेथेच नॅट डी. विल्यम्स शिकवीत असत, आणि स्टॅक्सचे अनेक कलावंत याच शाळेचे विद्यार्थी. स्टॅक्सचा इतिहास सांगताना स्टुडिओचे नाव सर्व घेतात; विभक्त शिक्षणाच्या काळात अपुऱ्या साधनांनिशी वाद्यवृंद उभा करणाऱ्या कृष्णवर्णीय शिक्षकांचे ऋण फार थोडे लोक सांगतात, म्हणून आम्ही ते येथे मुद्दाम नोंदवीत आहोत.

या गाण्याच्या प्रादेशिक यशामुळे न्यूयॉर्कच्या 'अटलांटिक' कंपनीचे जेरी वेक्सलर यांचे लक्ष मेम्फिसकडे गेले. स्टॅक्सने गाणी निर्माण करावी व अटलांटिकने ती देशभर वितरित करावी, असे ठरले. हा व्यवहार तोंडी विश्वासावर चालू झाला. त्याचे परिणाम पुढे पाहावयाचे आहेत.

ध्वनी कसा घडला

स्टॅक्सच्या संगीतास 'सोल' म्हणतात. या शब्दाचा वाच्यार्थ 'आत्मा' असा असला तरी आमच्या वाचकांनी येथे तो तत्त्वज्ञानातील अर्थाने घेऊ नये. अमेरिकेतील कृष्णवर्णीयांच्या भाषेत तो स्वत्वाचा, सोसलेल्या दुःखाचा आणि त्यातून टिकून राहिलेल्या आपलेपणाचा वाचक आहे. कृष्णवर्णीय चर्चमधील सामूहिक गायन आणि शेतमळ्यांतून आलेला 'ब्लूज' यांच्या मिलनातून हे संगीत जन्मास आले.

चित्रपटगृहातील खुर्च्या काढल्या, परंतु प्रेक्षागृहाची उतरती जमीन सपाट करण्याइतका पैसा नव्हता. ती तशीच राहिली. जेथे पडदा होता त्या मंचावर यंत्रे बसविण्यात आली. उतरती जमीन व उंच छत यांमुळे खोलीत एक खोल, घुमणारा नाद निर्माण होई. तालवादक, ऑर्गनवादक, कर्णेवाले आणि गायक हे सर्व एकाच खोलीत एकमेकांना पाहत व ऐकत, एकाच वेळी वाजवीत. प्रारंभी मुद्रण एकाच पट्टीवर होत असल्याने एकाची चूक म्हणजे सर्वांची चूक. पुन्हा पहिल्यापासून आरंभ. बहुपट्टी यंत्र १९६५ साली आले. लिहिलेली स्वरलिपी क्वचितच असे. कोणी एखादी ओळ गुणगुणावी, दुसऱ्याने ती उचलावी, तिसऱ्याने तिला उत्तर द्यावे, अशा रीतीने गाणे बांधले जाई.

येथील मुख्य वाद्यसंच 'बुकर टी. अँड द एम.जीज्' या नावाने ओळखला जातो. बुकर टी. जोन्स ऑर्गनवर, अल जॅक्सन तालवाद्यांवर, स्टीव्ह क्रॉपर गिटारवर, आणि बेस गिटारवर प्रथम लुई स्टाइनबर्ग व नंतर डोनाल्ड डन. त्यांपैकी क्रॉपर व डन हे गोरे, इतर कृष्णवर्णीय. १९६२ साली दुसऱ्या एका मुद्रणातील मोकळ्या वेळात त्यांनी सहज वाजविलेली 'ग्रीन अनियन्स' ही शब्दविरहित रचना राष्ट्रीय यादीत तिसऱ्या क्रमांकापर्यंत पोहोचली. तिच्यात सुरांची गर्दी नाही. प्रत्येक वाद्य थोडे बोलते व इतरांसाठी जागा सोडते. अल जॅक्सन यांच्या तालाचे वैशिष्ट्य असे की, दुसऱ्या व चौथ्या मात्रेवरील आघात किंचित उशिरा पडतो आणि क्रॉपर यांच्या गिटारचा तुटक झणत्कारही त्याच क्षणी पडतो. १९६५ मध्ये विल्सन पिकेट यांच्या गाण्याच्या वेळी ही पद्धती निश्चित झाली. अर्ध्या क्षणाच्या या विलंबाने ऐकणाऱ्याचे शरीर आपोआप पुढे झुकते.

दुसरे वैशिष्ट्य कर्ण्यांचे. चर्चमध्ये धर्मोपदेशक एक ओळ म्हणतो व समुदाय तिला उत्तर देतो. इतर कंपन्यांच्या ध्वनिमुद्रिकांत हे उत्तर सहगायक देत. स्टॅक्समध्ये ते बहुधा ट्रम्पेट व सॅक्सोफोन देतात. वेन जॅक्सन हे गोरे ट्रम्पेटवादक आणि अँड्र्यू लव्ह हे कृष्णवर्णीय सॅक्सोफोनवादक, ही या कर्ण्यांची प्रसिद्ध जोडी. त्यामुळे गायक एकटा असूनही एकाकी वाटत नाही. त्याच्या मागे समुदाय उभा आहे असा भास होतो.

येथे डेट्रॉइटच्या 'मोटाउन' कंपनीशी तुलना उद्बोधक ठरते. १९५९ साली बेरी गॉर्डी या कृष्णवर्णीय उद्योजकाने ती स्थापन केली. मालकी काळ्यांची, परंतु संगीत मात्र गोऱ्या श्रोत्यांनाही रुचेल असे घोटीव. स्टॅक्सची मालकी गोऱ्यांची, परंतु संगीत दक्षिणेच्या कृष्णवर्णीय वस्तीतील, रांगडे व अनघड. मोटाउनने आपल्या दारावर 'हिट्सव्हिल' अशी पाटी लावली होती. स्टॅक्सने चित्रपटगृहाच्या दर्शनी फलकावर 'सोल्सव्हिल' अशी अक्षरे लावली. एक यशाचे गाव, दुसरे स्वत्वाचे. परंतु सातबारा ज्याच्या नावे त्याचेच गाव, हे पुढे दिसून आले.

कलावंत

१९६२ साली जॉर्जिया राज्यातून जॉनी जेंकिन्स हे गिटारवादक मुद्रणासाठी आले. त्यांची गाडी चालवीत ओटिस रेडिंग हा तरुण आला होता. मुद्रण फारसे जमले नाही. उरलेल्या वेळात त्या तरुणास एक गाणे म्हणू देण्यात आले आणि त्यातून या कंपनीचा सर्वश्रेष्ठ गायक उदयास आला. रेडिंग यांना स्वरलिपीची आवश्यकता नव्हती. कर्णेवाल्यांच्या ओळी ते स्वतः गाऊन दाखवीत. १९६५ मधील 'ओटिस ब्लू' हा त्यांचा संग्रह सुमारे एका दिवसात मुद्रित झाला. त्याच वर्षीचे त्यांचे 'रिस्पेक्ट' हे गाणे १९६७ मध्ये अरिथा फ्रँकलिन यांनी गायिले, तेव्हा त्याला स्त्रीच्या आणि साऱ्या समाजाच्या सन्मानाच्या मागणीचा अर्थ प्राप्त झाला.

आयझॅक हेझ यांचा जन्म १९४२ साली टेनेसीतील एका कुळाच्या झोपडीत झाला. आजी-आजोबांनी त्यांना वाढविले. त्यांनी लहानपणी कापूस वेचला आणि तरुणपणी मांसाच्या कारखान्यात काम केले. डेव्हिड पोर्टर यांच्यासमवेत त्यांनी सॅम मूर व डेव्ह प्रेटर या जोडीसाठी गाणी रचली. १९६७ च्या डेट्रॉइटमधील उद्रेकात कृष्णवर्णीयांनी आपल्या दुकानांवर 'सोल' हा शब्द लिहिला, म्हणजे जाळपोळ करणाऱ्यांनी ते दुकान आपल्या माणसाचे समजून सोडून द्यावे. ते दृश्य पाहून हेझ यांना 'सोल मॅन' हे गाणे सुचले. याखेरीज विल्यम बेल, एडी फ्लॉइड, अल्बर्ट किंग, जॉनी टेलर हे सर्व येथेच नावारूपास आले. रूफस टॉमस तर १९६० च्या दशकाच्या आरंभीही दिवसा कापडाच्या कारखान्यात राबत व उरलेल्या वेळात गात.

या खोलीत समता होती काय? तेथील गोऱ्या व काळ्या कलावंतांनी, आतमध्ये आम्ही रंग पाहत नव्हतो, अशी साक्ष वारंवार दिली आहे. ती खोटी मानण्याचे कारण नाही. परंतु दार उघडून बाहेर पडताच ते एका हॉटेलात एकत्र जेवू शकत नव्हते. एकत्र बसण्यासाठी त्यांना वॉल्टर व लॉरी बेली या कृष्णवर्णीय दांपत्याच्या लॉरेन मोटेलमध्ये जावे लागे. एडी फ्लॉइड व स्टीव्ह क्रॉपर यांनी 'नॉक ऑन वुड' हे गाणे तेथील एका खोलीत, वादळी रात्री रचले. त्या मोटेलचे नाव पुढे साऱ्या जगाला ठाऊक झाले, परंतु गाण्यामुळे नव्हे.

१९६७-६८ : तीन आघात

१९६७ च्या वसंतात स्टॅक्सचे कलावंत युरोपच्या दौऱ्यावर गेले. लंडन, पॅरिस येथील सभागृहे ओसंडून वाहिली. मेम्फिसमध्ये मागच्या दाराने ये-जा करावी लागणाऱ्यांना तेथे आपल्या कलेचे मोल प्रथमच कळले. परंतु त्याच वर्षी, १० डिसेंबर रोजी विस्कॉन्सिन राज्यातील मॅडिसन येथे एका तळ्याच्या गोठत्या पाण्यात विमान कोसळून सव्वीस वर्षांचे ओटिस रेडिंग मृत्यू पावले. त्यांच्यासमवेत 'बार-केज्' या वाद्यवृंदातील चार तरुणही गेले. बेन कॉली हा एकच ट्रम्पेटवादक बचावला. काही दिवसांपूर्वीच मुद्रित झालेले रेडिंग यांचे 'डॉक ऑफ द बे' हे गाणे १९६८ च्या आरंभी प्रसिद्ध होऊन राष्ट्रीय यादीत प्रथम क्रमांकावर गेले. गायकाच्या मृत्यूनंतर हा मान मिळविणारे ते अमेरिकेतील पहिले गाणे होय.

दुसरा आघात शहरावर झाला. १ फेब्रुवारी १९६८ रोजी एकॉल कोल व रॉबर्ट वॉकर हे दोन कृष्णवर्णीय सफाई कामगार पावसापासून आडोसा म्हणून कचऱ्याच्या गाडीत बसले असता दाब देणारे यंत्र सुरू होऊन चिरडले गेले. १२ फेब्रुवारीपासून सुमारे १,३०० सफाई कामगारांनी संप पुकारला. त्यांच्या गळ्यातील फलकांवर, मी माणूस आहे, एवढेच लिहिलेले होते. ज्यांनी शहराची घाण उपसली त्यांना आपण माणूस असल्याचे फलकावर लिहून सांगावे लागावे, या गोष्टीवर आमच्या वाचकांसाठी भाष्य करण्याची आवश्यकता नाही. त्या संपाच्या पाठिंब्यासाठी आलेल्या मार्टिन ल्यूथर किंग यांची ४ एप्रिल रोजी लॉरेन मोटेलच्या सज्जात हत्या झाली. ज्या एका जागी स्टॅक्सचे गोरे व काळे एकत्र बसू शकत होते, तीच जागा रक्ताने माखली. मोटेलच्या मालकीण लॉरी बेली यांना त्याच दिवशी मेंदूत रक्तस्राव झाला आणि किंग यांच्या अंत्ययात्रेच्या दिवशी त्यांचे निधन झाले. शहरात जाळपोळ झाली; स्टॅक्सच्या वास्तूला मात्र वस्तीने हात लावला नाही. परंतु आतील विश्वास पूर्वीसारखा राहिला नाही.

तिसरा आघात कागदाचा. अटलांटिकशी असलेला तोंडी व्यवहार १९६५ साली लेखी करण्यात आला होता. जिम स्टुअर्ट यांनी तो करार नीट न वाचताच सही केली होती. १९६७ च्या अखेरीस अटलांटिक कंपनी 'वॉर्नर-सेव्हन आर्ट्स'ला विकली गेली, तेव्हा स्टुअर्ट यांनी करार संपविण्याचा आपला हक्क वापरला. त्या वेळी उघड झाले की, अटलांटिकने वितरित केलेल्या स्टॅक्सच्या सर्व मूळ ध्वनिफितींची मालकी त्या कराराने अटलांटिककडे गेली आहे. ओटिस रेडिंग यांचा संपूर्ण आवाज, 'ग्रीन अनियन्स', 'सोल मॅन', सर्व काही. सॅम व डेव्ह हे तर मुळात अटलांटिकचेच करारबद्ध गायक, ते परत गेले. सर्वश्रेष्ठ गायक गेला, आणि त्याचा आवाजही परक्याचा ठरला.

याचा अर्थ नीट समजून घ्यावयास हवा. येथे फसलेले मालक गोरे होते, म्हणून हा दोन गोऱ्या व्यापाऱ्यांमधील तंटा असे वरवर पाहणाऱ्यास वाटेल. परंतु ज्यांचे श्रम त्या ध्वनिफितींत साठविले होते, त्यांना तर कागद वाचण्याची संधीही नव्हती. त्यांच्या वतीने सही करणाऱ्यानेच तो वाचला नव्हता. सद्भाव खरा होता, परंतु सद्भावाला दस्तऐवजाची जोड नव्हती.

अल बेल आणि 'वॅटस्टॅक्स'

हे मर्म ज्याने ओळखले तो पुरुष म्हणजे अल बेल. आर्कान्सासमध्ये वाढलेले हे कृष्णवर्णीय नभोवाणी निवेदक तरुणपणी किंग यांच्या चळवळीच्या कार्यशाळेत होते. परंतु आर्थिक सत्ता हाती आल्याशिवाय सन्मान टिकत नाही, असे त्यांचे मत झाले. १९६५ साली ते स्टॅक्समध्ये विक्रीप्रसाराचे काम पाहू लागले व पुढे भागीदार झाले. १९६८ मध्ये कंपनी 'गल्फ अँड वेस्टर्न'ला विकावी लागली होती. जुना संग्रह गेल्यामुळे नवा उभा करणे भाग होते. बेल यांनी १९६९ मध्ये एकाच वेळी २७ संग्रह प्रसिद्ध करण्याचे धाडस केले. त्यांतील आयझॅक हेझ यांचा 'हॉट बटर्ड सोल' विलक्षण यशस्वी ठरला. त्यात चारच गाणी. एक तर अठरा मिनिटांहून दीर्घ. त्याची साथ केली ती विमान अपघातानंतर पुन्हा उभ्या राहिलेल्या बार-केज् यांनी. १९७० मध्ये स्टुअर्ट व बेल यांनी कर्ज काढून कंपनी परत विकत घेतली आणि १९७२ मध्ये स्टुअर्ट यांचा वाटाही घेण्याचा व्यवहार बेल यांनी केला. ब्लॅक स्वानच्या अर्धशतकानंतर मेम्फिसमध्ये एक मोठी रेकॉर्ड कंपनी कृष्णवर्णीयाच्या हाती आली.

संगीतही बदलले. स्टेपल सिंगर्स या मिसिसिपीतून आलेल्या पित्याच्या व त्याच्या मुलांच्या संचाने किंग यांच्या सभांत गाणी गायिली होती. त्यांनी आता आत्मसन्मानाचा संदेश साऱ्या देशाला ऐकविला. हेझ यांना 'शाफ्ट' चित्रपटातील गीतासाठी १९७२ मध्ये ऑस्कर मिळाले. मूळ गीतासाठी तो पुरस्कार मिळविणारे ते पहिले कृष्णवर्णीय. ते रंगमंचावर अंगरख्याऐवजी सोन्याच्या साखळ्या घालून येत. ज्या साखळीने पूर्वजांना बांधले तीच अलंकार म्हणून मिरविण्यात एक आव्हान होते.

२० ऑगस्ट १९७२ रोजी लॉस एंजेलिस येथील कोलिसियम क्रीडांगणात 'वॅटस्टॅक्स' हा संगीतमेळा भरला. त्याच शहरातील वॉट्स वस्तीत १९६५ साली झालेल्या उद्रेकाच्या स्मरणार्थ तो होता. प्रवेशमूल्य केवळ एक डॉलर, जेणेकरून गरिबातल्या गरिबाने यावे. एक लाखाहून अधिक लोक जमले. बंदोबस्तासाठी आत मुख्यतः निःशस्त्र कृष्णवर्णीय रक्षक होते. जेसी जॅक्सन यांनी जमावाकडून आत्मगौरवाची ललकारी म्हणवून घेतली. उत्साहाने मैदानात उतरलेल्या लोकांना पंचावन्न वर्षांच्या रूफस टॉमस यांनी केवळ विनोदाने व शब्दाने परत जागेवर बसविले. जो समाज जमला की दंगा होतो असे म्हटले जाई, तो दिवसभर शांततेने गात बसला.

अंत आणि निष्कर्ष

१९७२ मध्ये बेल यांनी 'सी.बी.एस.' या बलाढ्य कंपनीशी वितरणाचा करार केला. तो घडवून आणणारे क्लाइव्ह डेव्हिस यांना पुढील वर्षीच सी.बी.एस.ने काढून टाकले. त्यानंतर स्टॅक्सच्या रेकॉर्ड दुकानांपर्यंत पुरेशा पोहोचेनात, देणे अडकून पडले, आणि करारामुळे दुसरीकडे जाण्याचाही मार्ग नव्हता. 'युनियन प्लँटर्स' बँकेचे कर्ज वाढत गेले. १९ डिसेंबर १९७५ रोजी दिवाळखोरीचा अर्ज दाखल झाला. बेल यांच्यावर बँकेला फसविल्याचा फौजदारी खटला झाला. १९७६ मध्ये ते निर्दोष सुटले, परंतु तोपर्यंत कंपनी संपली होती. जिम स्टुअर्ट यांनीही कंपनी वाचविण्यासाठी आपले घर गहाण टाकले व ते गमावले.

सर्व दोष बाहेरच्यांवर टाकणे इतिहासाला धरून होणार नाही. कंपनी झेपेल त्यापेक्षा वेगाने वाढविली गेली, हिशोब ढिला राहिला, धाकदपटशा करणारी माणसे जवळ ठेवली गेली. एस्टेल ॲक्स्टन बाहेर पडल्या, बुकर टी. जोन्स व क्रॉपर निघून गेले. खोलीतील सहवास तुटला आणि कागदही हाती राहिला नाही. परंतु एक भेद ध्यानात घ्यावा. स्टुअर्ट यांनी करार न वाचता सही केली, तेव्हा त्यास भोळेपणा म्हटले गेले. बेल यांचा हिशोब चुकला, तेव्हा त्यांना न्यायालयात आरोपी म्हणून उभे केले गेले.

२००३ साली त्याच जागी जुन्या चित्रपटगृहाची प्रतिकृती उभारून संग्रहालय उघडण्यात आले. उतरती जमीनही पुन्हा तशीच करण्यात आली. शेजारी संगीत विद्यालय आहे व २००५ पासून शाळाही आहे. तेथे त्याच वस्तीतील मुले शिकतात. १९६८ पूर्वीच्या ध्वनिफिती मात्र अटलांटिकच्या वारसदार कंपनीकडेच आहेत, आणि नंतरचा संग्रह व 'स्टॅक्स' हे नाव अनेक हातांतून फिरून २००४ पासून 'कॉन्कॉर्ड' या कंपनीकडे आहे.

स्टॅक्सच्या खोलीत जी समता नांदली ती खरी होती, असे आम्ही मानतो. ती खोटी असती तर ते संगीत निर्माणच झाले नसते. तो आवाज एकमेकांचे ऐकल्याशिवाय निघत नाही. परंतु मनाची समता आणि हक्काची समता या दोन भिन्न गोष्टी आहेत. पहिली चांगल्या माणसांच्या असण्यावर अवलंबून असते. माणसे मरतात, दुरावतात, नोकरीतून काढली जातात. दुसरी लेखी असते आणि माणसे गेल्यावरही उरते. स्टॅक्सकडे पहिली विपुल होती. दुसरी मिळविण्याचा प्रयत्न सुरू झाला तेव्हा उशीर झाला होता. त्या विद्यालयात वाद्य शिकणाऱ्या आजच्या मुलांना सुरांबरोबर करार वाचण्याचेही शिक्षण मिळावे, एवढीच अपेक्षा हा इतिहास वाचल्यानंतर आम्हांस व्यक्त करावीशी वाटते.